नोएडा ते गुरुग्राम : तीनदा गाडी बदलायची तर

दिल्ली मेट्रोच्या नकाशावर दोन लाइन जिथे भेटतात तिथे एक छोटा गोल काढलेला असतो. सगळीकडे तसाच, त्याच मापाचा. त्या गोलात प्रत्यक्षात काय दडलंय ते मात्र तिथे जाऊन चालल्याशिवाय कळत नाही. एखाद्या ठिकाणी जिना उतरलं की समोर गाडी. एखाद्या ठिकाणी जमिनीखाली २९ मीटरवरून वर यायचं. एका ठिकाणी १.२ किलोमीटर लांबीचा पादचारी पूल. आणि नोएडात तर एका स्टेशनातून चक्क बाहेर पडून दुसऱ्या स्टेशनात नव्यानं शिरायचं.

नवीन आलेला माणूस ॲपमध्ये दोन नावं टाकतो, एकूण मिनिटं बघतो आणि निघतो. दोन आठवड्यांत त्याच्या लक्षात येतं की गाडीतली मिनिटं वेगळी आणि गाडीबाहेरची वेगळी. गाडीतल्या पंचवीस मिनिटांत पुस्तकाचं एक प्रकरण वाचून होतं, डुलकी होते, आईशी फोनवर बोलणं होतं. बाहेरची आठ मिनिटं म्हणजे नुसती गर्दी, जिने आणि पाठीवरची बॅग. म्हणून रोजचा रस्ता ठरवताना एकूण वेळेआधी मी एकच बघते : गाडी कुठे बदलायची, आणि तिथे किती चालायचं.

दिल्लीत हे इतकं का आहे, त्याला कारण आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये शाहदरा ते तीस हजारी हा जेमतेम आठ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे एकेक लाइन टप्प्याटप्प्यानं आली, आणि प्रत्येक नव्या लाइनला जुन्या लाइनच्या खालून किंवा वरून जागा काढावी लागली. शिवाय रुळांची रुंदीही एक नाही. रेड, यलो आणि ब्लू या सुरुवातीच्या लाइन ब्रॉडगेज, म्हणजे आपल्या रेल्वेसारख्या १६७६ मिलिमीटरच्या. नंतरच्या ग्रीन, व्हायोलेट, पिंक, मजेंटा या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर. त्यामुळे मजेंटाची गाडी मनात आणलं तरी यलोच्या रुळावर जाऊ शकत नाही. माणसालाच उतरावं लागतं. ज्यांनी सकाळी साडेनऊला दादरचा पूल ओलांडलाय त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता एक प्रत्यक्ष रस्ता घेऊ. नोएडा सेक्टर १३७ ते गुरुग्रामचं एम. जी. रोड स्टेशन. सेक्टर १३७ मध्ये उंच सोसायट्या आहेत आणि गुरुग्राममध्ये ऑफिसं. त्यामुळे या रस्त्यानं रोज जाणारे खूप, त्यात मराठी माणसंही. मीही आठवड्यातून तीन दिवस जाते.

पहिली गाडी ॲक्वा लाइनची. २५ जानेवारी २०१९ ला ही सुरू झाली, २९.७ किलोमीटर आणि २१ स्टेशनं. ती दिल्ली मेट्रोची नाही, नोएडाच्या वेगळ्या महामंडळाची आहे. सेक्टर १३७ पासून सात स्टेशनांनी सेक्टर ५१ येतं आणि तिथे ही लाइन संपते. दिल्ली मेट्रोची ब्लू लाइन त्यानंतर दीडेक महिन्यानं, मार्च २०१९ मध्ये, नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत वाढली. तिचं स्टेशन सेक्टर ५२. दोन स्टेशनांत अंतर साधारण ३०० मीटर. ऐकायला काहीच नाही. पण दोन महामंडळं, दोन स्टेशनं, म्हणून इकडच्या गेटमधून बाहेर, तिकडे पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा गेट आणि भाड्याचं गणितही पुन्हा पहिल्यापासून.

मे महिन्यात दुपारी ३०० मीटर म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. जानेवारीत सकाळी धुक्यात समोरची ई-रिक्षाही नीट दिसत नाही. ई-रिक्षा घ्यावी की चालावं, यावर इथे रोज एक छोटी सभा भरते. माझं मत : सामान नसेल आणि पाऊस नसेल तर चाला. रिक्षा भरेपर्यंत थांबण्यात जितका वेळ जातो तितक्यात आपण पोचलेलो असतो. तपासणीची रांग मात्र हिशोबात धराच. बायकांची रांग वेगळी असते आणि बहुतेक वेळा ती छोटी असते. पण सोमवारी सकाळी कसलाच भरवसा नाही.

सेक्टर ५२ पासून ब्लू लाइननं चार स्टेशनं गेलं की बोटॅनिकल गार्डन. इथे गाडी बदलून मजेंटा लाइन धरायची. तिन्ही बदलांमधला हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फायद्याचा. दोन्ही लाइन जमिनीच्या वर, एकाच आवारात. आणि मुख्य म्हणजे मजेंटा इथूनच सुटते, त्यामुळे गाडी रिकामी येते. एक गाडी सोडली तर पुढच्या गाडीत हमखास बसायला मिळतं. पुढची तेरा स्टेशनं, साधारण अर्धा तास, बसून. या एका जागेसाठी मी आधीची कितीतरी गैरसोय खपवून घेते.

मजेंटाचा हा भाग बघण्यासारखाही आहे. ओखला पक्षी अभयारण्य सोडलं की गाडी यमुना ओलांडते आणि कालिंदी कुंजला पोचते. थंडीत इथे पाण्यावर पक्षी उतरलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच कालिंदी कुंजला नदीवर पांढरा फेस तरंगतो आणि छठपूजेच्या दिवसांत त्या फेसात उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो दरवर्षी बातम्यांत येतात. पुढे जामिया, ओखला, आणि कालकाजी मंदिर येईपर्यंत गाडी जमिनीखाली गेलेली असते. देशातली पहिली चालकविरहित मेट्रो याच लाइनवर २८ डिसेंबर २०२० ला धावली. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांना हे कळल्यावर त्यांनी पुढचं स्टेशन येईपर्यंत हातातला खांब सोडला नाही.

मग हौज खास. मजेंटाचा फलाट जमिनीखाली साधारण २९ मीटरवर आहे. आठ-नऊ मजल्यांची इमारत उलटी जमिनीत पुरावी तसं. वर यलो लाइनकडे यायला सरकते जिने एकापुढे एक लागतात. जमिनीवर रंगीत पावलांचे ठसे चिकटवलेले आहेत, त्यांच्यामागे गेलं की वाट चुकत नाही. दिल्लीच्या बहुतेक मोठ्या इंटरचेंजवर हे ठसे असतात, आणि पाट्या वाचण्यापेक्षा ते सोपे पडतात. लहान मुलं तर ठशांवर पाय ठेवतच चालतात. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी जिन्यांच्या नादी न लागता सरळ लिफ्ट शोधावी. थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

हौज खासपासून यलो लाइननं एम. जी. रोडपर्यंत दहा स्टेशनं. इथे बसायला मिळेल अशी आशा धरू नका. साकेतनंतर गाडी जमिनीबाहेर येते, फोनला रेंज येते, आणि अख्ख्या डब्यात एकदम मेसेजचे आवाज सुरू होतात. सिकंदरपूरला थोडी गर्दी कमी होते, कारण सायबर सिटीला जाणारे तिथे रॅपिड मेट्रोसाठी उतरतात. त्यांचा हा चौथा बदल!

घरातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत माझ्या घड्याळात पावणेदोन ते दोन तास लागतात. त्यातला गाडीतला वेळ सव्वा तास. बाकीचा सगळा चालणं, चढणं, रांग आणि वाट बघणं.

दुसरे रस्ते आहेत का? आहेत, आणि ते माहीत असायलाच हवेत. मजेंटा लाइनचा हा भाग सुरू झाला २०१७ च्या डिसेंबरात कालकाजीपर्यंत आणि २०१८ च्या मेमध्ये पुढे जनकपुरी पश्चिमपर्यंत. त्याआधी नोएडाहून गुरुग्रामला जाणारे सरळ राजीव चौकला जाऊन यलो पकडायचे. आजही तो रस्ता आहेच. सेक्टर ५२ पासून धरलं तर त्यात एक बदल कमी होतो, पण तो एक बदल राजीव चौकचा असतो. कॅनॉट प्लेसच्या खालचं हे स्टेशन संध्याकाळी सहा ते आठ या वेळात टाळता आलं तर टाळावं. तिथे आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते.

तिसरा रस्ता फार लोक वापरत नाहीत. ब्लू लाइननं मयूर विहार फेज १, तिथून पिंक लाइननं आयएनए, आणि तिथे यलो. आयएनए हे हौज खासच्या तीन स्टेशनं आधी येतं. वेळ थोडा जास्त लागतो. पण मजेंटावर काही बिघाड झाला, गाड्या उशिरा यायला लागल्या, तर हा रस्ता दिवस वाचवतो. शिवाय आयएनएच्या बाहेरच दिल्ली हाट आहे आणि तिथे महाराष्ट्राचा खाद्यपदार्थांचा स्टॉल आहे. संध्याकाळी उशीर होणारच असेल तर वडापाव खाऊन झालेला उशीर बरा.

रस्ता अचानक बदलावा लागतो तो फक्त बिघाडामुळे नाही. यलो लाइनच्या सगळ्या गाड्या गुरुग्रामपर्यंत जात नाहीत. गर्दीच्या वेळी काही गाड्या कुतुब मिनारलाच संपतात. हौज खासला धावत येऊन समोरच्या गाडीत उडी मारण्याआधी डब्यावरची आणि फलाटावरची पाटी वाचा. ‘मिलेनियम सिटी सेंटर’ असेल तरच ती आपली. हेच स्टेशन २०२३ पर्यंत हुडा सिटी सेंटर होतं आणि लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे, म्हणून कोणी हुडा म्हणालं तर गोंधळू नका.

परतताना राजीव चौक किंवा मंडी हाऊसहून ब्लू लाइन धरली तर आणखी एक काळजी. यमुना बँकला या लाइनला दोन फाटे फुटतात, एक नोएडाला, एक गाझियाबादच्या वैशालीला. गाडी कोणती ते आधीच बघावं. चुकून वैशालीच्या गाडीत बसलात तर यमुना बँकला उतरायचं आणि नोएडाची गाडी घ्यायची, एवढंच. पण त्या वेळी डुलकी लागलेली असली तर जाग येते ती लक्ष्मी नगरला.

सणावारांची यादी वेगळीच. होळीला मेट्रो दुपारी अडीचपर्यंत बंद असते. दिवाळीच्या रात्री शेवटची गाडी नेहमीपेक्षा लवकर, दहा वाजता सुटते. ३१ डिसेंबरला रात्री नऊनंतर राजीव चौकला बाहेर पडू देत नाहीत. गाडी बदलता येते, पण कॅनॉट प्लेसला जायचं असेल तर शेजारच्या स्टेशनवर उतरून चालावं लागतं. २६ जानेवारीच्या आसपास सेंट्रल सेक्रेटरिएट आणि उद्योग भवन या स्टेशनांवर निर्बंध येतात. रविवारी पहिली गाडी नेहमीपेक्षा उशिरा असते, त्यामुळे रविवारी पहाटेचं विमान किंवा रेल्वे असेल तर आदल्या रात्रीच वेळ तपासा.

आता डब्याचं बघू. गाडी ज्या दिशेनं जाते तिकडचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, २०१० पासून. फलाटावर तशी गुलाबी खूण असते. रोज जाणाऱ्या बाईला इथे एक निवड करावी लागते. राखीव डबा एका टोकाला आणि पुढच्या लाइनचा जिना बरेचदा मध्यावर किंवा दुसऱ्याच टोकाला. डब्यात सुखानं उभं राहायचं की उतरल्यावर जिना जवळ हवा? माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी सकाळी राखीव डबा घेतात आणि संध्याकाळी, घरी पोचायची घाई असते तेव्हा, जिन्याजवळचा डबा. एक-दोन वेळा उतरल्यावर फलाटावर बघून ठेवायचं की जिना कितव्या डब्यासमोर आला, आणि पुढच्या वेळी आधीच्या स्टेशनवर त्याच जागी उभं राहायचं. अख्खा फलाट चालण्याचे दोन मिनिटं वाचतात, आणि आठ डब्यांच्या गाडीतून उतरलेल्या गर्दीच्या पुढे आपण जिन्यावर असतो.

दोन मिनिटांचा एवढा हिशोब कशाला, असं वाटेल. माझी एक सहकारी आहे, मूळची नागपूरची. तिची मुलगी तीन वर्षांची, नोएडातल्या पाळणाघरात. पाळणाघर साडेसातला बंद होतं. तिचा नवरा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतो. ती साडेसातपासून उलटी मोजत येते : सेक्टर ५१ ला कितीची ॲक्वा मिळायला हवी, त्यासाठी सेक्टर ५२ ला किती वाजता उतरायला हवं, त्यासाठी हौज खासला कितीची मजेंटा. ॲक्वाच्या दोन गाड्यांतलं अंतर ब्लू किंवा यलोपेक्षा जास्त असतं. यलोची गाडी सुटली तर लगेच दुसरी येते, पण ॲक्वाची समोरून गेली की पाळणाघरातल्या ताईंना फोन करावा लागतो. ऑफिसमधली पाच मिनिटांची ‘जरा थांब, एवढं बघून जा’ तिला नोएडात वीस मिनिटांना पडतात. तिच्यामुळे मीही उलटं मोजायला शिकले. ज्या लाइनला गाड्या कमी, तिथून हिशोब सुरू करायचा. रात्री उशिरा परतायचं असेल तर शेवटच्या टप्प्याची शेवटची गाडी आधी बघायची, पहिल्या टप्प्याची नव्हे.

घरी पाहुणे यायचे असले की मात्र हे सगळे नियम बदलतात. माझी आई नाशिकहून येते. तिचे गुडघे दुखतात आणि लोणच्याची बरणी हातातच धरायची असते. राजधानीनं आली तर हजरत निजामुद्दीनला उतरते. तिथे सराय काले खाँच्या बाजूनं बाहेर आलं की पिंक लाइन. एकच स्टेशन, यमुना ओलांडली की मयूर विहार फेज १, आणि तिथून ब्लू लाइन. पुणे आणि गोव्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्याही निजामुद्दीनलाच येतात, त्यामुळे नोएडात कोणी नातलग असेल तर हा रस्ता लिहून ठेवा.

विमानानं टर्मिनल १ ला आली तर सगळ्यात उत्तम : मजेंटा थेट बोटॅनिकल गार्डनपर्यंत, मधे एकही बदल नाही. खरी परीक्षा टर्मिनल ३ ची. ॲप बरेचदा एअरपोर्ट एक्सप्रेसनं नवी दिल्लीला जाऊन, तिथे यलो आणि मग राजीव चौकला ब्लू असं सुचवतं. दोन बदल, दोन्ही गर्दीचे. दुसरा पर्याय धौला कुआँ. तिथे एअरपोर्ट एक्सप्रेस सोडून पिंक लाइनच्या दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पस स्टेशनला जायचं. दोन्हींना जोडणारा तो १.२ किलोमीटरचा पूल २०१९ मध्ये सुरू झाला. बंदिस्त आहे, मधे मधे सरकते पट्टे आहेत, खाली रिंग रोडवरच्या गाड्यांची रांग दिसते. एकटं असताना मला हा पूल आवडतो. (स्टेशनाला ज्यांचं नाव आहे त्या दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या, मूळच्या आंध्रच्या. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या त्या पत्नी, म्हणून हे आडनाव.) पण आई, गुडघे आणि बरणी यांना घेऊन तो पूल नको.

आईसाठी तिसरा रस्ता. टर्मिनल ३ वरून शहराच्या उलट दिशेला एकच स्टेशन जायचं, द्वारका सेक्टर २१. ब्लू लाइन तिथून सुटते. गाडी रिकामी, हवी ती जागा. बसायचं आणि थेट नोएडात उठायचं. वेळ सगळ्यात जास्त लागतो. ॲपच्या यादीत हा रस्ता वर येत नाही, आणि पहिल्यांदा सांगितल्यावर आईलाही पटला नाही. ‘अगं, घर पूर्वेला आणि तू मला पश्चिमेला कुठे नेतेस?’ मग खिडकीजवळ बसून तिनं द्वारकेपासून करोल बागपर्यंत अख्खी दिल्ली बघितली, एका पंजाबी काकूंशी लोणच्यावरून ओळख काढली आणि मंडी हाऊस यायच्या आत झोपली. आता ती विमानाचं तिकीट काढायच्या आधी विचारते, ‘टर्मिनल कोणतं? उलट्या गाडीचं का?’

भाड्याचंही थोडं सांगते. २५ ऑगस्ट २०२५ पासून दिल्ली मेट्रोचं कमीत कमी भाडं ११ रुपये आणि जास्तीत जास्त ६४ रुपये आहे. स्मार्ट कार्डवर १० टक्के सवलत मिळते. सकाळी आठच्या आधी, दुपारी बारा ते पाच आणि रात्री नऊनंतर प्रवास केला तर आणखी १० टक्के. रोज जाणाऱ्याला महिनाअखेर हा फरक जाणवतो. सकाळी लवकर निघालं की पैसेही वाचतात आणि हौज खासचे जिनेही जरा मोकळे मिळतात.

माझ्या त्या नागपूरच्या सहकारीनं गेल्या महिन्यात घर बदललं. सेक्टर १३७ मधला मोठा फ्लॅट सोडून बोटॅनिकल गार्डनच्या जवळ, एक खोली कमी आणि भाडं जास्त. घरमालकाला वाटलं, सेक्टर १८ चा बाजार जवळ म्हणून. तिनं घर बघायला जाताना मुलीला कडेवर घेतलं आणि स्टेशनच्या गेटपासून दारापर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजलं. अकरा. आणि पुढे हौज खासपर्यंत मधे एकही बदल नाही. पाळणाघर तिनं त्याच वाटेवर शोधलंय.